दोन सर्व्हरची सोयरीक

चहा येईपर्यंत एक पैज लावतो. गोष्ट मी सांगणार, शेवट तुम्ही ओळखायचा. शेवटी दंड कोणी भरला? शेठनं, इंजिनेर पोरीनं, धुळ्याच्या माझ्या व्याह्यानं, का मी? तुम्ही म्हणाल, नाना सांगतोय म्हणजे नानाच फसला असंल. असू द्या. पण दंड काय भरला, ते सांगा. ओळखलं तर चहा माझ्याकडून. नाही ओळखलं तर चहा तुमचा आणि वर भजी पण.

मी रमणशेठच्या केळीच्या यार्डात आहे, नशिराबादच्या पुढं, हायवेला लागून. वजनकाट्यावर. शिक्षण म्हणाल तर सही येते, ट्रकचा नंबर वाचता येतो, काट्यावरचा आकडा वाचता येतो. बाकी काय शिकलो ते लोकांच्या खोड्या काढून शिकलो. आवाज काढायची तर मला लहानपणापासून खाज. बायकोच्या मामाचा आवाज काढून मी बायकोला तीन वेळा माहेरी पाठवलेली आहे. चौथ्या वेळी मामा खरंच आजारी पडला, तर ती जायला तयार नाही.

पण खरा हातखंडा रमणशेठचा. शेठ बोलायच्या आधी घसा असा खाकरतो, जशी थंडीतली जुनी जीप. मग म्हणतो, "ऐक ऐक राजा." आणि शेवटी, "समजलं का राजा." मधे काय बोलला ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

तर दोन उन्हाळ्यांमागं शेठच्या हापिसातला एकुलता एक कॉम्प्युटर बसला. असा बसला की चार माणसांनी उठवून उठला नाही. आमचा सगळा कारभार त्याच्यात. कोणाच्या वावरातून किती माल आला, कोणत्या ट्रकात किती भरला, वजन किती, जाणार कुठं. त्याच्यातून गेटपास निघाला तर ट्रक हलतो, नाही तर जागेवर. जळगावचं ऊन, ताडपत्रीखाली केळी. संध्याकाळपर्यंत ट्रकाजवळून गेलं तर शिऱ्याचा वास यायला लागला.

तेव्हा शेठनं प्रज्ञाला आणलं. दीपनगरची पोर. बाप तिथल्या पावर हाऊसात होता, आता रिटायर. ही पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर बसवत होती, पण घरी आई-बाप दोघंच, म्हणून इकडं काम शोधत होती. शेठ म्हणाला, "ऐक ऐक राजा. सहा महिने. या सहा महिन्यांत कारभार एकदा पण बंद पडला नाही, तर दसऱ्याला कायमची ऑर्डर. पडला, तर पुन्हा पुणं. समजलं का राजा."

पोर म्हणाली, "चालेल."

मी मनात म्हटलं, ही पोर एक तर फार हुशार आहे, नाही तर हिनं आमची लाईट पाहिलेली नाही.

तिनं काय केलं, एकाच्या जागी दोन सर्व्हर घेतले. फ्रीजएवढी कपाटं, आत हिरवे दिवे, आणि खोलीला एसी. एक आमच्याकडं, दुसरा धुळ्याच्या गोडाऊनला. मी म्हटलं, "पोरी, एक जवळ आणि एक दोन तासांवर? बायको इथं आणि चूल धुळ्याला?"

तर ती हसून सांगते, "नाना, इथं आग लागली, पाणी शिरलं, जेसीबीनं केबल तोडली, तर धुळ्यात तेच होणार नाही ना. इथं जे वजन लिहिलं जातं, ते त्याच घडीला तिकडं पण लिहिलं जातं. आणि दोघं दर सेकंदाला एकमेकांना विचारतात, आहेस का? उत्तर आलं नाही, की दुसरा काम हातात घेतो. काट्यावर तुम्हाला कळणार पण नाही."

"आणि दोघं एकदम गेले तर?"

"तेच तर होऊ द्यायचं नाही. म्हणून लाईट वेगळी, नेट वेगळं, जनरेटर वेगळा, गाव वेगळं. दोघांत एक पण गोष्ट सामाईक ठेवलेली नाही. तुमच्याच्यानं होत असेल तर बंद पाडून दाखवा."

आता मला सांगा, असं कोणी म्हणतं का? आणि ते पण माझ्यासारख्याला?

"पाडलं तर काय देशील?"

"आईच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकर. पोटभर."

झालं. मी लागलो मागं. एक दिवस ती जेवायला गेली, तर जाऊन मशीनचा प्लग काढला. काट्यावरचा पडदा जरासा थबकला, मी मनात नऊ मोजले, आणि चालू. पुढचा ट्रक काट्यावर, गेटपास बाहेर. दुसऱ्यांदा नेटची वायर ओढली. तेच. तिसऱ्यांदा पार मेन स्विच पाडला, सगळं हापिस अंधारात, शेठचा पंखा बंद, शेठ ओरडतोय, आणि काटा आपला बॅटरीवर खुशाल वजन करतोय.

प्रज्ञा येऊन शांतपणे म्हणाली, "नाना, लावा परत. तुमच्यामुळं माझी चाचणी फुकटात होते."

फुकटात! साठी उलटलेल्या माणसाच्या काळजाला लागलं ते.

आता धुळ्याकडं या. तिकडच्या मशीनवर पहारा दामूआबाचा. दामूआबा म्हणजे माझा व्याही, माझी लेक त्याच्या घरात दिलेली. माणूस सोन्यासारखा, बोलणं पक्कं अहिराणी, पण इतका देवभोळा की मोटरसायकलला किक मारायच्या आधी तिच्या पाया पडतो. आणि शेठचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. प्रज्ञानं त्याला बजावून ठेवलं होतं, "आबा, कोणी पण सांगू द्या, या कपाटाला हात लावायचा नाही." तेव्हापासून तो मशीनच्या दारात खुर्ची टाकून बसायचा.

सहा महिने सरत आले. नवरात्र बसलं. खंडेनवमीला आमच्या यार्डात सगळ्या हत्यारांची पूजा. केळी कापायचा कोयता, काटा, जनरेटर, ट्रक, एकेक थांबवायचं, झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. पूजा माझ्याकडं असते. म्हणजे भट नाही, पण नारळ एका फटक्यात मला फुटतो.

प्रज्ञा आदल्या संध्याकाळी दीपनगरला घरी निघाली, सकाळची गाडी होती. दसऱ्याला आई-बापांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा त्यांच्या घरचा नेम. जाताना मी विचारलं, "पोरी, मशीनची पूजा करू ना? चालू मशीनची पूजा होत नाही, बंद करावी लागंल."

"करा की नाना. पाच मिनिटं बंद करा, धुळं सांभाळेल. हार दारावर घाला, आत पाणी नको, कुंकू नको. आणि पाच मिनिटं म्हणजे पाच."

हे ऐकलंत ना? म्हणजे माझ्याकडची मशीन मी परवानगीनं बंद केली. तेवढं ध्यानात ठेवा, पुढं मला तेवढाच आधार आहे.

खंडेनवमीला अकराच्या सुमारास मी मशीन बंद केली. नऊ मोजले, धुळ्यानं काम घेतलं. हार घातला, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली. पाच मिनिटं झाली. आता मुकाट्यानं बटण दाबायचं का नाही?

पण समोर टेबलावर शेठचा फोन. शेठ धुळ्याला त्याच फोनवरून बोलतो, नंबर तोच. शेठ बाहेर ट्रकांना हार घालतोय. खोलीत मी एकटा. आणि डोळ्यापुढं आला दामूआबा, खुर्चीत बसलेला. म्हटलं, त्याला एकदा हलवून बघू. पोरीनं सांगितलंय हात लावायचा नाही, शेठ सांगतोय लाव. बसंल घाम पुसत. दोन मिनिटं मजा बघू, मग माझ्या आवाजात हसू. तो हात लावेल असं माझ्या सात जन्मात डोक्यात नव्हतं.

लावला फोन. घसा खाकरला. "ऐक ऐक राजा. पूजा झाली का?"

"झायी शेठ. काटानी झायी, गेटनी झायी, बठ्ठास्नी झायी."

"आणि सर्व्हरची?"

"हार घाली दिना शेठ. पन मशीन चालू शे. ताईनी सांगेल शे, हात लावाना नही."

"चालू मशीनची पूजा? अरे दामू, चालत्या ट्रकाला कुंकू लावतो का तू? माझ्या घरी सात पिढ्यांत असं झालं नाही. आत्ता बंद कर. समजलं का राजा."

तिकडं सगळं गप. मी तोंडात उपरणं कोंबलेलं, हसू आवरंना. म्हटलं बसला घामाघूम. आता बोलेल, मग बोलेल. काट्यावर ट्रक चढतायत, उतरतायत, चांगला पाव तास होत आला पूजा धरून. आणि मग आवाज आला, "बंद करी टाकी शेठ. दिवा बी लायी दिना."

माझ्या समोर काट्याचा पडदा काळा झाला.

नऊ मोजले. अठरा मोजले. कोण उठणार? दोन्ही मशीन पूजेला बसलेल्या.

मी माझ्या खऱ्या आवाजात ओरडलो, "दामू, चालू कर, मी नाना बोलतोय!"

"नाना? तू कव्हा उना? शेठले दे फोन."

"शेठ नव्हताच रे. मीच होतो. मी आवाज काढला."

"चाल, जाय. शेठना आवाज मी वळखस नही का? आनि पूजानी मशीन दसराना दिन उठस, आज नही. शेठना शब्द शे." आणि ठेवून दिला.

बघा मंडळी. आयुष्यभर खोटं बोललो तर लोकांनी खरं मानलं. एकदा खरं बोललो तर फोन ठेवला.

मी वळलो आपल्या मशीनकडं. निदान ही तरी चालू करू. बटणावर बोट टेकवणार तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. प्रज्ञा. मशीन मेली की तिच्या मोबाईलला सांगावा जातो म्हणे. मागं गाडीचा खडखडाट.

"नाना, तुम्ही कुठं आहात?"

"मशीनपाशी. चालू करतोय."

"हात काढा. आधी हात काढा."

मी हात असा वर केला, जसा पोलिसानं पकडल्यावर करतात.

तेवढ्यात शेठ आत. कपाळाला कुंकू, गळ्यात ट्रकाचाच एक हार. बाहेर ट्रकांचे हॉर्न, ऑक्टोबरचं ऊन, आणि ड्रायव्हर गेटवर. "काय झालं? काटा का बंद?"

मी मोबाईल स्पीकरवर टाकला. प्रज्ञा म्हणाली, "शेठ, दोन्ही बंद आहेत. जळगाव आधी बंद झालं पूजेला, मग पाव तास धुळ्यानं काम केलं. त्या पाव तासात चार ट्रकांचं वजन आणि गेटपास झालेत, ते फक्त धुळ्याच्या मशीनमध्ये आहेत. आता जळगाव आधी उठवलं तर त्याला ते चार ट्रक माहीतच नाहीत. ते पुसले जातील. जो शेवटी झोपला त्याला आधी उठवायचं. पण धुळं कशानं गेलं ते कळत नाही."

शेठ हळू म्हणाला, "म्हणजे तुझी जोडी पडली राजा. एक दिवस राहिला होता."

पोर म्हणाली, "हो शेठ. माझंच कुठं तरी चुकलं असेल."

आता बघा, मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. ओठापर्यंत आलं पण. पण जन्मभराची सवय, खोडी काढली की तोंड पाण्यासारखं निर्मळ करून उभं राहायचं. मी तसाच उभा राहिलो. तिकडं गाडीत पोरीचं पुन्हा पुणं होतंय, आणि मी इकडं उदबत्तीची राख झाडतोय.

शेठनं फोन उचलला, धुळ्याला लावला. स्पीकरवर. घसा खाकरला. "ऐक ऐक राजा दामू..."

"वळखं तुले नाना."

शेठचं तोंड उघडं.

"अरे, मी शेठ बोलतोय."

"मघाशी मन्हा संगे शेठ बोलना ना. खरा शेठ. तुले तो आवाज येस नही, कसाले मेहनत करस? साठ वरीसना घोडा व्हयना, पोरीनं सासर शे याना तरी विचार कर." खाट्. फोन ठेवला.

शेठ फोनकडं बघतोय. मग माझ्याकडं. "हा मला नाना का म्हणतो?"

त्या दिवशी काट्यावर बसवलेला आमचा कारकून शेठच्या मागून आत आला होता, त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

मग मी सांगितलं. सगळं. टेबलावरचा फोन, घसा, चालत्या ट्रकाचं कुंकू, सात पिढ्या. स्पीकरवर प्रज्ञा ऐकत होती, तिचे आई-बाप ऐकत होते, मला वाटतं अर्धा डबा ऐकत असंल. आणि शेवटी म्हटलं, "शेठ, पोरीची जोडी पडली नाही. मी पाडली. लाईट गेली असती, आग लागली असती, तर ती उभीच होती. माझ्यासाठी तिनं काही केलेलं नव्हतं."

शेठनं फोन माझ्याकडं सरकवला.

"लाव."

"काय लावू शेठ?"

"दामूला फोन. तो माझं ऐकत नाही. तुझंच ऐकतो. बोल माझ्यासारखं."

काय सांगू तुम्हाला. मागून नक्कल करणं वेगळं. शेठ समोर दोन हातावर उभा, गळ्यात ट्रकाचा हार, आणि त्याच्या डोळ्यात बघून त्याचाच घसा खाकरायचा. माझा पहिला खाकर फुसका गेला. दुसरा जमला.

"ऐक ऐक राजा. दामू, पूजा पावली. पण केळी ट्रकात आहे, ती दसऱ्याची वाट बघत नाही. आपलं सीमोल्लंघन आजच. मशीन चालू कर. समजलं का राजा."

"व्हय शेठ, आतेच करस. आनि शेठ, सांगाना व्हतं. नाना तुमना आवाज काढी ऱ्हायना. आतेच फोन व्हता त्याना. एकदम भिकार काढस. तुमनासारखा त्याले येसच नही."

शेठ कारकुनाला म्हणाला, "मी असा बोलतो?"

कारकून भिंतीशीच बोलला, "जरा जास्त, शेठ."

धुळं उठलं. प्रज्ञानं गाडीतून तिच्या मोबाईलवर बघून सांगितलं, "आता नाना, दाबा." मी दाबलं. हिरवे दिवे लागले, आमच्या मशीननं धुळ्याकडून चार ट्रक लिहून घेतले, काट्यावर पडदा आला. एका किलोचा फरक नाही. ट्रक हलले. कारकून अजून भिंतीकडंच.

शेठनं खुर्ची ओढली. "पोरी, तू सांग. तुझं चुकलं काय?"

प्रज्ञा म्हणाली, "शेठ, लाईट वेगळी केली, नेट वेगळं केलं, गाव वेगळं केलं. दोघांत सामाईक काही ठेवलं नव्हतं. नाना-आबांची सोयरीक तेवढी बघायची राहून गेली."

शेठ पोट धरून हसला, इतका की गळ्यातला हार तुटला. दसऱ्याला तिची ऑर्डर निघाली, आणि ती परत आली तेव्हा शेठनं आपट्याचं पान हातावर ठेवून दिली. पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवरच्या नकाशात, जिथं मशीनचे वैरी म्हणून आग, पूर, उंदीर, जेसीबी असं लिहिलेलं आहे, तिथं खाली एक नाव वाढवलं. मला वाचता येतं ते. दोनच अक्षरं आहेत.

पैज मी जिंकलो होतो बरं का. भरिताचा डबा आला. तिच्या आईनं हातानं दिला, आणि म्हणाली, "नाना, गाडीत सगळं ऐकलं आम्ही. आवाज छान काढता."

पण दंड तो नाही. दंड यंदाच्या खंडेनवमीला.

प्रज्ञानंच काढला तो. म्हणाली, "मशीन एकमेकांना विचारतात, आहेस का. पूजेच्या दिवशी माणसांनी पण विचारायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला नानांनी आबांना फोन करायचा. स्वतःच्या आवाजात." शेठ म्हणाला, मंजूर. दामूआबाला विचारलं, तर तो म्हणाला, मंजूर, पण काय बोलायचं ते मी ठरवसू.

तर यंदा खंडेनवमीला सगळं यार्ड मेहरूणच्या तळ्यावर जेवायला, आणि मी मशीनच्या खोलीत. एसीच्या गारठ्यात, कानटोपी घालून, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. दर अर्ध्या तासाला फोन. आणि तिकडून दामूआबा, "कोन बोलस?"

"मी नाना बोलस. गये साल मशीन मीच बंद पाडी. तू शे का?"

"मी शे. जोरमा सांग, ऐकू उनं नही."

आठ ते सहा, दर अर्ध्या तासाला, हिशोबानं एकवीस फोन. शेवटचा सहाला. त्या वेळी दामूआबा घरी गेलेला, फोन स्पीकरवर, आणि मागं माझी लेक खिदळतेय. मी म्हटलं माझं म्हणणं, आणि फोन ठेवणार.

"बाबा, थांबा ना," लेक म्हणाली. "एकदा परत म्हणा. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या, त्यांचं ऐकायचं राहिलं."

बावीस.